मावशींचं पान

आमच्या साप्ताहिकाच्या साइटवर बातम्या भरायची जी आतली पानं असतात, त्यांना नवं रूप द्यायची परवानगी मागितली, तर संपादकसाहेब म्हणाले, वाचकांना न दिसणाऱ्या पानांची कसली नटवानटवी करतेस? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिसत नाहीत म्हणे! आमच्या मावशी रोज आठ तास तीच पानं बघतात, त्या कुणीच नाहीत का?

मावशी इथे बावीस वर्षं निधनवार्ता बघतात. कुणाच्या घरी माणूस गेलं की फोन यांनाच. रडणाऱ्याला आधी रडू देतात, मग नाव, वय, अंत्यविधीची वेळ विचारून साइटवर चढवतात. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून 'जतन करा'ऐवजी 'काढून टाका' दाबलं गेलं. एका शिक्षिकेची बातमीच गायब झाली आणि तिचे निम्मे विद्यार्थी अंत्यविधीला पोचले नाहीत. साहेबांनी ठरवून टाकलं, मावशींची नजर गेली, येता शुक्रवार शेवटचा.

खरं सांगू? चूक माझी होती. साइट मी उभी केली. दोन्ही बटणं राखाडी, एकमेकांना खेटून, आणि अक्षरं मुंगीएवढी. दोन वर्षांत मी एकदाही मावशींच्या खुर्चीत बसून पाहिलं नव्हतं. त्या चुकीनंतर बसले आणि माझी मलाच लाज वाटली.

म्हणून परवानगी गेली उडत. सॉफ्टवेअरमध्ये जागोजागी हूक असतात, भिंतीतल्या खुंट्यांसारखे. आपला कोड तिथे अडकवायचा, मूळ कामाला धक्का लागत नाही. आतली पानं उघडतात तिथल्या हूकला मी माझी फाइल टांगली. अक्षरं दुप्पट, 'जतन करा' हिरवं नि ऐसपैस, 'काढून टाका' लालभडक आणि पार दुसऱ्या टोकाला. घाईघाईत एकच अट लिहायची राहिली, की हे फक्त मावशींच्या लॉगिनला दिसावं. सकाळी साहेबांनी पान उघडलं, तर त्यांच्याही पडद्यावर तोच थाट.

बोलावणं आलंच. आत्ताच्या आत्ता पूर्वीसारखं कर, म्हणाले. खरंतर ती अट घालायला मला दोन मिनिटं पुरली असती. पण त्यांचा आवाज चढला आणि माझंही डोकं फिरलं.

"नाही करणार," मी म्हणाले. "मावशींना घरी पाठवायचं तर मलाही पाठवा."

साइट दुसऱ्या कुणाला येत नाही, हे साहेबांना पुरतं ठाऊक होतं. पान तसंच राहिलं.

या आठवड्यात मावशींनी एकतीस बातम्या चढवल्या, एकही चुकली नाही. तरी शुक्रवारी साहेब एक कागद टाइप करून घेऊन आले. माझ्या अधू नजरेमुळे चूक झाली, मी स्वखुशीने काम सोडते, असा मजकूर. वर पेनही पुढे केलं. मावशींनी कागद नाकाशी नेला, मग हातभर लांब धरला, मग शांतपणे टेबलावर ठेवला.

"फार बारीक आहे, साहेब. मोठ्या अक्षरात करून आणा. वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

अक्षरं मोठी करून दे, अशा नजरेने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घातली.

तेवढ्यात फोन वाजला. मावशींनी साहेबांच्या हातातलं पेन घेतलं, तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर गेलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायला लागल्या.