बाहेर किती वेळ?

“बाहर? मैं तो कहीं बाहर जाती ही नहीं,” मनभरदेवी म्हणाली, आणि म्हशीच्या कानामागची फुगलेली गोचीड उपटून तिनं चपलेखाली चिरडली.

विनयानं कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. हातात टॅब होता म्हणून. सकाळपासून या ढाणीतल्या प्रत्येक बाईचं हेच उत्तर. शहराच्या टोकाला जगतपुऱ्याचे फ्लॅट संपले की पुढे ही छोटीशी वस्ती लागते, आणि गोचिडींमुळे येणाऱ्या तापाचा इथे सर्व्हे चालू होता. कोण उघड्यावर किती वेळ असतं त्यावरून कुणाला धोका किती ते ठरायचं, आणि ज्याला धोका त्याचंच रक्त तपासायचं. पहिलाच प्रश्न, दिवसातून बाहेर किती वेळ असता? उत्तर शून्य आलं की टॅब पुढचे सगळे प्रश्न गिळून सरळ ‘धन्यवाद’ म्हणायचा. त्या धन्यवादाचा विनयाला आता संताप यायला लागला होता.

मनभरदेवीला चार-पाच दिवसांपासून ताप होता. डोळे लालभडक, दंडावर पुरळ. म्हशीला टेकून उभी होती बिचारी, पण हात काही थांबत नव्हते.

“काकीजी, बाड़े में तो आती हो ना? इन जानवरों में?”

“बाड़ा तो घर ही है.”

“और खेत?”

“वो भी घर का ही है.”

“लकड़ी लाने, घास काटने?”

“वो तो काम है, मैडमजी. बाहर तो आदमी जाते हैं.”

तो बाहेर जाणारा आदमी, म्हणजे तिचा नवरा छीतरमल, समोर खाटेवर चहा पीत बसला होता. तो सांगानेरला रिक्षा चालवायचा. “सारा दिन बाहर,” असं त्यानं ऐटीत सांगितलं होतं. रिक्षाच्या टपाखाली बसून कसली आलीय गोचीड! पण टॅब धोका दाखवत लालेलाल झाला, आणि त्या ठणठणीत माणसाचं रक्त विनयाबरोबरच्या नर्सनं काढून नेलं. आता तो दंडावर कापूस दाबून मोठी कामगिरी केल्यासारखा बसला होता.

विनयानं लिंबाखाली जाऊन गंधारला फोन लावला. गंधार सर्व्हेचा प्रमुख, पुण्याचा पोरगा, आदर्श नगरच्या गार ऑफिसात बसायचा.

“अरे, ही बाई हातानं गोचिडी काढतेय, अंगात ताप आहे, आणि तुझा टॅब म्हणतो धोका नाही.”

“मॅडम, त्या जे सांगतील तेच भरायचं. आपण तोंडात शब्द घालायचे नाहीत.”

“मग प्रश्न बदल ना. गोठ्यात किती वेळ असता, असं विचार.”

“प्रश्न वरून आलाय. मतलब, आता नाही बदलता येणार.”

“वरून म्हणजे कुठून? आभाळातून?” असं म्हणून तिनं फोन ठेवला, तोच नवऱ्याचा आला. विजय बँकेत अधिकारी, अमरावतीहून बदली होऊन आलेला.

“ताईचा फोन येईल हं तुला दुपारी. मी तिला सांगून ठेवलंय, विनया घरीच असते, केव्हाही कर.”

“विजय, मी उन्हात उभी आहे. सकाळपासून.”

“हो गं, ते तुझं सर्व्हेचं. ते काय रोज बाहेर जाणं आहे का?”

विनयाला हसावं की रडावं कळेना. ती तरातरा खाटेपाशी गेली आणि छीतरमलला म्हणाली, “चाय छोड़िए. ऑटो निकालिए, काकीजी को अस्पताल ले जाना है.” तिचा आवाज असा होता की तो मुकाट्यानं उठला.

मनभरदेवी मात्र आत गेली ती बाहेर येईना. विनया दारात चडफडत उभी. शेवटी भिंत धरत बाई आली, ठेवणीतली लाल लहरियाची ओढणी घेऊन. अंग तापानं फणफणलेलं, पण केस विंचरलेले, टिकली नवी लावलेली. “बाहर जाना है ना,” ती म्हणाली. विनयाचा राग जागच्या जागी विरला.

इस्पितळात ही गर्दी. तरुण डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “पिछले दिनों कहीं बाहर गई थीं?”

“ना जी. आज ही निकली हूँ.”

डॉक्टर साध्या तापाच्या गोळ्या लिहायला लागले. विनयानं सरळ त्यांच्या कागदावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. बाडा, म्हशी, गवताचे भारे, नखानं उपटलेल्या गोचिडी. डॉक्टरांनी मग दंड पाहिला, लगेच रक्त तपासायला सांगितलं आणि बाईला भरती करून घेतलं.

“कितने दिन?” मनभरदेवीनं विचारलं.

“आठ-दस दिन तो लगेंगे.”

“इतने दिन बाहर?” तिनं विनयाकडे पाहिलं. “लगन के बाद कभी नहीं रही मैडमजी, इतने दिन.”

मनभरदेवीनं ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली आणि परक्याच्या घरी बसावं तशी कॉटच्या अगदी कडेला बसली. पायातल्या चपला तिनं काढल्याच नाहीत.