हाडांवरचे पट्टे

"बघा! डोळे उघडून बघा!" कौतिक महाराजांनी एक्स-रे उन्हात धरला. "डॉक्टर हाडाच्या बाहेर, माझा अंगारा हाडाच्या आत! देवाने स्वतः पट्टे ओढलेत!"

शिंदखेड्याच्या मांडवात सगळ्यांच्या माना उंचावल्या. जिनलच्या गुडघ्याजवळच्या हाडात खरोखरच पांढऱ्या आडव्या रेषा होत्या. जन्मापासून हाडं ठिसूळ असलेल्या या मुलीचं वर्षभरात एकही हाड मोडलं नव्हतं. शेजारी तिचा बाप पारस हात जोडून उभा होता. मेडिकल दुकान चालवणारा माणूस! धुळ्याला नेऊन तिला सलाईनमधून औषध देतो, हे त्याने लपवलं होतं. आजार जन्माचा आहे, औषध चालूच ठेवावं लागेल, हे लोकांना सांगण्यापेक्षा 'महाराजांनी बरी केली' हे ऐकून घेणं त्याला सोपं वाटलं.

तेवढ्यात भिकूबाई पुढे आल्या. कडेवर नातू अभिमन, त्याच्या पायाला प्लास्टर, हातात त्याचा एक्स-रे.

"महाराज, याले बी तोच आजार शे. तुम्हीन सांगं म्हनीसन सलाईन बंद करं, अंगाराच दिना. मंग पाय परत काबर मोडना?"

"श्रद्धा कमी पडली, माय."

भिकूबाईंनी मान खाली घातली. पारसने भिकूबाईंच्या हातातला एक्स-रे घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. अभिमनच्या हाडातही पट्टे होते, पण जुने, सांध्यापासून दूर सरकलेले. पुढे सांध्यापर्यंतचं हाड कोरं होतं.

"श्रद्धा नाही, औषध कमी पडलं," तो म्हणाला. "मुलांचं हाड टोकाशी वाढतं. धुळ्याचं औषध हाडाची झीज रोखतं. सलाईन दिलं की त्या वेळी टोकाशी तयार होणारं हाड दाट होतं, तोच हा पट्टा. हाड वाढतं, पट्टा मागे राहतो. तिथल्या डॉक्टर सारिकाताईंनी मला समजावलं होतं. महाराज गावात येण्याआधीच्या जिनलच्या एक्स-रेतही पट्टे आहेत. आजार जात नाही, पण हाडं कमी मोडतात. अभिमनचं औषध थांबलं, तसे पट्टेही थांबले."

महाराजांनी एक्स-रे घाईने उलटा केला. देव बहुधा पलीकडच्या बाजूला असावा.

भिकूबाई पारसकडे बघत राहिल्या. "तुले हाई बठ्ठं ठाऊक व्हतं? तरी तू हात जोडीसन उभा व्हता?"

पारसला जिनलच्या नजरेला नजर देता आली नाही.

दुसऱ्या दिवशी अभिमनचं औषध पुन्हा सुरू करायला तो त्याला आणि भिकूबाईंना धुळ्याला घेऊन गेला. गाडीत भिकूबाई नातवाला घेऊन पारसपासून लांबच्या सीटवर बसल्या.

अंगाऱ्याने हाड भक्कम होत नाही. मुलाचं औषध बंद करा असं कोणी म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर गर्दीत गप्प उभे राहू नका.