पाठवणीचा व्हिडिओ

"तुम्हाला एक अटॅक येऊन गेलेला आहे, काका," डॉक्टर नीरजा म्हणाल्या, आणि काळुरामने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. नुसता वजनकाटा होता.

काळुराम बाळकुमचा जुना माणूस. त्याच्या भाताच्या शेतावर आता तीन टॉवर उभे आहेत, आणि तरीही कोणाची गाडी कधी आली-गेली हे त्याला वॉचमनच्या आधी कळतं. अशा माणसाच्या छातीत कोणी येऊन जातं आणि त्याला पत्ता लागत नाही? दोन जिने चढलं की धाप लागते, एवढीच त्याची तक्रार. लेक कल्पिताने नौपाड्याच्या दवाखान्यात ओढत आणलं म्हणून तो आला होता.

"मना कवा आला अटॅक? मना तं ठावंच नाय."

"त्याला कधी साधा तापपण आलेला नाही," कल्पिताने भर घातली.

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं. काळुरामला ते सुरणाच्या गड्ड्यासारखं दिसलं. पंपिंग पस्तीस टक्के आहे, असं त्या म्हणाल्या तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. शाळेत गणितात चौतीस मिळाले होते आणि शाळा तिथेच सुटली होती. या वेळी निदान काठावर पास. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पास झाल्याचं काही दिसेना. निरोगी माणसाचं साठ असतं, त्या म्हणाल्या. मग शंभर कोणाचं? कोणाचंच नाही. काळुरामने तो नाद सोडला.

"हृदयाची पुढची भिंत हलत नाही. एक तर ती मेली आहे, नाहीतर रक्त कमी पडल्याने झोपली आहे. झोपली असेल तर बायपास करून जागी करता येईल. मेली असेल तर छाती उघडून उपयोग नाही. ते बघायला स्कॅन करायचा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आठवून बघा. कधी छातीत दुखलं, हात जड झाला, घाम फुटला?"

"नाय."

बाळकुमला पोचेपर्यंत त्याने निकाल लावून टाकला होता: रिपोर्ट दुसऱ्याच कोणाचा तरी. कमळाबाईने, म्हणजे बायकोने, डोकेफोड केली, पण हा हटेना. "जो पावना आलाच नाय, त्याचा उष्टा ताट कशाला शोधाचा?" वर असं बोलून स्वतःवरच खूष झाला. असल्या माणसापुढे कोण काय करणार?

कल्पिता मात्र हट्टाला पेटली. तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "माझ्यासाठी एवढा रडलायस, आणि आता माझं एवढं ऐकत नाहीस?"

तिच्या लग्नाचा व्हिडिओ होता. आठ वर्षं झाली त्याला. काळुरामने तो कधी धड बघितला नव्हता; चारचौघांत रडताना स्वतःला बघायचं म्हणजे त्याला लाजच वाटायची. पाठवणीची वेळ, बँड वाजतोय, फुलं लावलेली गाडी उभी आहे. फेटा बांधलेला काळुराम छातीशी हात नेऊन वाकतो. चुलतभाऊ परशुराम त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतो. सदरा घामाने चिंब. कॅमेऱ्याजवळच्या बायका म्हणतात, बापाचं काळीज हाय, व्हनारच. काळुराम परशुरामला काहीतरी सांगतोय, पण बँडमध्ये ऐकू येत नाही.

"बघ, माझं नाव घेतोयस," कल्पिता म्हणाली. "सासू काही बोलली ना, की मी आतल्या खोलीत जाऊन हे बघते."

काळुराम बघत होता तो स्वतःचा उजवा हात. त्या हाताने डावा दंड घट्ट धरला होता. आणि मग सगळं आठवलं: जबड्यापर्यंत चढलेली कळ, छातीवर पाटा ठेवल्यासारखं ओझं, पुढचे दोन दिवस अंथरुणात. पोर गेली, म्हणून असं होतंय, असं सगळे म्हणाले होते. त्यानेही तेच मानलं होतं. आठ वर्षं तेच धरून बसला होता.

आता त्याला काही कळेना. तो अटॅक होता, तर मग रडला कोण? आणि रडणं होतं, तर हात का दुखला? एकातून दुसरं सोडवायला जावं तर गाठ आणखीच घट्ट. आणि पोरीला सांगायचं तरी कसं? तिच्याकडे बापाची तेवढी एक गोष्ट होती, आणि तीही काढून घ्यायची?

स्कॅनला मात्र तो मुकाट तयार झाला. कमळाबाई चाटच पडली. स्कॅनसाठी आदल्या दिवसापासून चहा बंद होता, त्याने डोकं ठणकत होतं आणि गोंधळात भर पडत होती ती वेगळीच.

आठवड्याने डॉक्टरांनी रंगीत चित्रं पुढे ठेवली. टोकाचा एक तुकडा मेलेला. पण पुढची भिंत बरीचशी जिवंत होती, नुसती झोपलेली. बायपासचा उपयोग होईल, त्या म्हणाल्या. मग पेन उचललं. "काका, मला सगळं खरं लागेल. खरंच कधी दुखलं नाही?"

काळुरामने लेकीकडे बघितलं नाही. "सात मे, दोन हजार सतरा," तो म्हणाला. "दुपारचे चार."

कल्पिताला हिशोब करावा लागला नाही. ती उठून बाहेर बाकावर जाऊन बसली. काळुराम ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन मागोमाग गेला.

"म्हणजे तू माझ्यासाठी रडला नव्हतास," ती म्हणाली.

काळुरामला खोटं बोलायचं होतं, पण कोणतं खोटं ते सुचेना. "मना नाय ठावं गो. रडलू का नुसता दुखत व्हता, काय कलत नाय. एकच आठवतंय. परशुराम बोलला, डॉक्टरकडं नेतो. मी बोललू, गप बस. मना काय जाला तं गाडी थांबल. पोरीची पाठवणी खोलंबल."

कल्पिताने मोबाइल काढला. आवाज बंद करून तीच जागा लावली. खुर्चीतल्या माणसाचे ओठ तिने एकदा बघितले, मग पुन्हा एकदा. कल्पिता नव्हतं ते. तीन शब्द होते, आणि तो तेच पुन्हा पुन्हा विचारत होता: गाडी निघाली का?

तिने मोबाइल बंद केला. मग डोळे पुसले आणि पर्समधून पेन काढून त्याच्या हातात दिलं.

"निघाली, आबा," ती म्हणाली. "आता सही कर."