पहिल्यापासून सांगा

घरात ती ताई होती आणि रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीवरही ताईच. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे अकरा वर्षं ती लोकांना समजावत आली. आवाज कधी चढवला नाही. चढवला तो एकदाच, धाकट्या बहिणीवर, आणि त्याच दुपारी धाकटी गेली.

धाकटीला दमा लहानपणापासूनचा. ती गेल्यावर ताईची झोप उडाली. मोजलेल्या गोळ्या ती तीन-तीनदा मोजू लागली, खिडकीवर रांग खोळंबायला लागली. शेवटी रुग्णालयानेच कर्मचाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन समुपदेशनात तिचं नाव घातलं. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पाऊण तास. घरून बोलावं तर आईच्या कानावर जायचं, म्हणून ताई औषधांच्या गोदामात सलाइनच्या खोक्याला फोन टेकवून बसायची.

पडद्यावर पन्नाशीच्या एक बाई असत. सात गुरुवार ताई इकडचं तिकडचंच बोलली. बाईंनी घाई केली नाही. आठव्या गुरुवारी तिच्या तोंडून ते निघालं.

"तिचा फोन आला होता. खिडकीवर ही गर्दी! म्हणाली, ताई, पंप मारूनही श्वास पुरत नाहीये गं. मी म्हटलं..." तिने खोक्याला टेकवलेला फोन उगाच सरळ केला. "मी म्हटलं, नेहमीचंच नाटक आहे तुझं. अजून दोनदा मार आणि मला काम करू दे. मग दोनदा वाजला फोन. मी उचलला नाही."

"तुमची काही चूक नाही" असलं काही बाई म्हणाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "एवढं एकटीने वागवत होतात? पुढच्या वेळी इथूनच पुढे जाऊ."

त्या दिवशी ताई कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

पुढच्या गुरुवारी पडद्यावर एक तरुण दिसला. "नमस्कार. आधीच्या मॅडम आता आमच्याकडे नाहीत. त्यांच्या नोंदी गोपनीय असतात, मला दिसत नाहीत. तर तुम्ही पहिल्यापासून सांगा."

ताईने जीव गोळा करून पुन्हा सांगितलं. नेमका मधेच आवाज तुटला.

"हॅलो? शेवटचं वाक्य परत सांगाल?"

तिने सांगितलं.

"जरा मोठ्याने."

"नेहमीचंच नाटक आहे तुझं!" गोदामात एकटीच बसून ताई ओरडली.

दीड महिन्यात तोही गेला. तिसरी आली ती हसतमुख, अधूनमधून घड्याळाकडे बघणारी. "पहिल्यापासून सांगा हं." या खेपेला ताई कुठेच अडखळली नाही. बहिणीला दमा होता. मी कामावर होते. गर्दीत फोन वाजलेला कळलाच नाही. चार मिनिटांत आटोपलं. ते वाक्य तिने गाळलं, आणि गाळल्याचं तिचं तिलाही नवल वाटलं नाही.

"किती शांतपणे बोललात!" तिसरी म्हणाली. "खूप सावरलात तुम्ही. मी तसं कळवते."

कळवलं. समुपदेशन बंद झालं.

त्याच आठवड्यात ताई कामावरून आली, तर आई दारातच बसलेली.

"ताई, शेजारीण आज बोलून गेली. शेवटच्या घटकेला धाकटी तुला फोन लावत होती म्हणे. लागला होता का गं?"

या प्रश्नाच्या धास्तीने ताई वर्षभर आईच्या नजरेला नजर देत नव्हती. आता मात्र ती चप्पल काढता काढता म्हणाली, "खिडकीवर गर्दी होती, आई. वाजलेला कळलाच नाही मला." आवाज जरासुद्धा हलला नाही.

आईने तिला जवळ ओढलं. "मला ठाऊकच होतं. तू उचलला असतास तर हातातलं टाकून धावत आली असतीस, माझी बाय." आणि वर्षभर दाबून धरलेलं रडू आईला फुटलं. ताई कोरड्या डोळ्यांनी तिची पाठ थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने समुपदेशन पुरवणाऱ्या कंपनीला लिहिलं, पहिल्या बाईंचा नंबर मिळेल का? तासाभरात उत्तर आलं: नियमानुसार देता येत नाही, मात्र नवीन समुपदेशक हवे असल्यास पुन्हा नावनोंदणी करावी.