दातांच्या खुणा

मी एक लाकडी मासा बोलतोय. खोटा मासा. पोटाखाली दोन तिहेरी गळ, तोंडाशी तारेचा तुकडा, आणि मनात जळफळाट. शेवटची गोष्ट मला घडवणाऱ्याने घातली नव्हती, ती माझी मीच मिळवली.

रेइनो नावाच्या सुताराने मला मेपलच्या लाकडातून कोरलं. जिन्याच्या कठड्याचा तुकडा उरला होता, त्यातून. त्याने माझ्या पोटाला तीन भोकं पाडून त्यांत शिसं ओतलं आणि पावसाच्या पिंपात मला सोडून बघत बसला. मी आडवाच, सावकाश बुडालो तेव्हा कुठे त्याने मान हलवली. मग पाठीवर हिरवे पट्टे आणि काचेचे डोळे. शेजारच्या नॉर्बर्टच्या हातात मला देताना तो म्हणाला, "हा ओढायचा नाही. टिचकी मारायची आणि ढील द्यायची. पोहायचं काय ते तो बघेल."

नॉर्बर्टने ऐकलं, पण मानलं नाही. सॉमिलमध्ये ओंडके ओढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो मला तळ्यात फेकायचा आणि अख्ख्या खांद्याने खेचायचा. हिसक्यावर हिसका, मध्ये श्वास घ्यायला सवड नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! खरं तर हिसका बसला की मी डावीकडे सरकणार, दोरी सैल पडली की तरंगत थांबणार, पुढच्या हिसक्याला उजवीकडे. त्या थांबण्यातच मस्की, आमच्या तळ्यातली सर्वात मोठी शिकारी मासळी, झडप घालते. ढीलच नसेल तर मी नुसता सरळ ओढला जाणारा ओंडका. ओंडक्याला कोण चावणार?

माझ्या पेटीत वरच्या कप्प्यात राहायची झिपरी, नॉर्बर्टचं दुसरं आमिष. पितळेच्या दोन गोल चकत्या आणि खाली पिवळ्या केसांचा झुबका. तिला काही यावं लागत नाही. काठीचं चाक फिरवून दोरी गुंडाळा, ती गिरक्या घेते, संपलं. पण तिच्या दांड्यावर ओरखडे होते, अर्धे केस उपटलेले होते. सगळे दातांचे पराक्रम. तळ्याकाठच्या बारमध्ये शुक्रवारी मासे खायला मंडळी जमली की नॉर्बर्ट तिला खिशातून काढायचा, लोक तिच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवायचे. आमच्यात दातांची खूण हाच दागिना. माझा रंग मात्र सहा वर्षांनंतरही नवा कोरा. एकदा पाईक जातीचा एक छोटा मासा मला धडकला, तेवढंच, आणि तोही बहुधा चुकून. झिपरी पेटीत परत यायची ती ओली, माशाच्या वासाची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या चकत्या गंजाव्यात, असं मी कितीदा मनात म्हटलंय. खोटं कशाला बोलू?

मग नॉर्बर्टचा उजवा खांदा गेला. डॉक्टरने हिसके बंद केले. त्यामुळे मी पेटीच्या तळाशी आणि झिपरी रोज पाण्यात.

ऑक्टोबरच्या गारठ्यात त्याने एकट्याने तळ्यावर जाऊ नये म्हणून त्याची बायको मार्लिस बोटीत यायला लागली. दोन दिवस तिने कॉफी पीत सुकी पानं वाहताना पाहिली. तिसऱ्या दिवशी पेटी उपसली आणि मला वर धरलं. हा का पडून आहे, तिने विचारलं. तो बिनकामाचा आहे, नॉर्बर्ट म्हणाला. सहा वर्षांचा माझा संसार त्याने एका शब्दात उरकला.

मार्लिसने तीस वर्षं शिकारी कुत्र्यांना शिकवलं होतं. पट्ट्याला छोटा हिसका, लगेच सैल. कुत्रा वळतो तो त्या सैल सोडण्याने, ओढण्याने नव्हे. तिने मला फेकलं, काठीचं टोक पाण्याकडे ठेवून मनगटाने टिचकी मारली, आणि सोडलं.

मी डावीकडे सरकलो. थांबलो. उजवीकडे सरकलो. आयुष्यात पहिल्यांदा पोहलो. रेइनोने पिंपात काय पाहिलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

नॉर्बर्ट बघत होता. त्याने तिला फक्त एक नियम सांगितला. "बोटीपाशी आलं की काठी पाण्यात खुपसून इंग्रजी आठ काढायचा. मासा दिसो न दिसो. प्रत्येक वेळी." आमच्या तळ्यावर हे लेकरांनाही माहीत असतं. मस्की आमिषाच्या मागे मागे बोटीपर्यंत येते आणि तिथे विचार करत राहते. पण सांगणाऱ्याचाच आठ आताशा अर्धा व्हायचा. खांदा दुखायचा, हात गारठायचे, तो अर्ध्या वळणावर झिपरीला उचलून घ्यायचा.

त्या दुपारीही उचललं. आणि पुढच्याच क्षणी मार्लिसने आपल्या बाजूने मला बोटीपाशी आणून मोठा, रुंद, शाळेतल्या पाटीवर गिरवावा तसा आठ काढला. दुसऱ्या वळणावर बोटीखालून एक सावली बाहेर आली. तिचं तोंड माझ्याएवढं नव्हतं, माझ्यासारखे चार मावतील एवढं होतं. ती मला आडवी चावली. पट्टे फुटले, लाकडात दात घुसले. दुखलं का? फार दुखलं. मी जगातला सर्वात सुखी खोटा मासा होतो.

जाळ्यात तिची लांबी भरली एक्कावन्न इंच. गळ तिच्या जबड्यात फसले होते, ते तार कापायच्या पकडीने तोडून मार्लिसने तिला शेपटी धरून पाण्यात सोडलं. नॉर्बर्टला चाळीस वर्षांत कधी पन्नास इंचांची मस्की मिळाली नव्हती.

त्याने अभिनंदन केलं. मग घरी जाताना म्हणाला, "ती माझ्या झिपरीच्या मागे आली होती, बरं का. मी उचललं तेव्हा खालीच होती."

"असेल," मार्लिस म्हणाली. "मग आठ पुरा का नाही काढलास?"

आणि मी? त्या सुखातही मला हेच टोचत राहिलं. म्हणजे पाहुणी झिपरीची, मी नुसतं ताट वाढलं?

दुसऱ्या दिवशी नॉर्बर्टने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीवर खिळा ठोकून मला टांगलं. असा मासा एकदाच मिळतो, याला आता मानाची जागा हवी, असं तो म्हणाला. मला वाटलं, अखेर न्याय झाला. बारमधली माणसं आली, माझ्या खुणांवरून अंगठे फिरले. पण मे महिना आला, बर्फ वितळून तळं मोकळं झालं, आणि मार्लिस एकटीच बोट घेऊन निघाली. नॉर्बर्टचा हात खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर झोळीत. काठीला कोण? झिपरी. खिडकीतून मला सगळं दिसायचं. मान माझ्या वाट्याला आणि पाणी तिच्या.

खाली टेबलापाशी नॉर्बर्ट बसायचा. तोही तिकडेच बघायचा, तोंडात तोच कडवटपणा. आम्ही दोघं एकाच खिडकीतून जळत होतो.

एका संध्याकाळी मार्लिस ओले बूट काढत असताना तो उठला आणि डाव्या हाताने मला खाली उतरवलं.

"उद्या हा ने."

"का? त्याला मानाची जागा दिलीस ना?"

"मान कसला? मला तुझा हेवा वाटला. चाळीस वर्षं घासली मी. तू परत जिंकू नयेस म्हणून टांगला."

"माहीत होतं," ती म्हणाली. "खिळा ठोकताना तीनदा अंगठ्यावर हातोडी मारलीस."

तिने मला धरलं, त्याने एका हाताने पकड फिरवून नवे गळ बसवले. मग म्हणाला, उद्या मी पण येतो, बोट मी धरीन. मग फडताळातून वार्निशची बाटली काढली. खुणांतून लाकडात पाणी शिरेल, फुगून फुटेल, म्हणून.

बाटली अजून टेबलावर आहे, झाकण उघडायचं बाकी आहे. म्हणून घाईने सांगतो. नॉर्बर्ट, ते वार्निश नको. खुणा बुजतील. पाणी शिरू दे, दोन वर्षं कमी जगेन. आणि झिपरीलाही बोटीत घ्या, पेटीत, वरच्या कप्प्यात. फक्त झाकण उघडं ठेवा. तिने बघायला हवं.