एक दार, एक कुटुंब

शिवणकाम करणाऱ्या आजीने कागद सरकारी योजनांसाठी कुटुंबं मोजणाऱ्या मोजणीवालीच्या टेबलावर ठेवला आणि कापायला घेतलेल्या कापडासारखा तळहाताने सपाट केला.

"वाच बाई. मला तरी काही पटत नाही."

'कुटुंबास आधीच लाभ मिळत असल्याने वृद्धापकाळाची मदत नामंजूर.'

"कुठला लाभ, आजी?"

"पुढच्या खोलीत पुतण्या राहतो. त्याच्या पोरीला शिष्यवृत्ती आहे. मी मागे, बोळातून. शेगडी माझी, सुई माझी, दुखरे गुडघेही माझेच. पुतण्या महिन्यातून एकदा तोंड दाखवतो, तेही भाडं मागायला. आता काय, पोरीची वह्या-पुस्तकं शिजवून खाऊ?"

मोजणीवालीने त्या घराचा फॉर्म काढला. खाली सही तिचीच होती. नियम साधा होता : ज्यांची चूल एक, त्यांचं कुटुंब एक. पण साहेबांना दिवसाला पंचवीस फॉर्म हवे होते. "दारं मोजा हो, चुली कसल्या शोधताय?" असं ते म्हणाले आणि तिने दारं मोजली. पुतण्याने आजीला धरून 'आम्ही पाच जण' सांगितलं, तिने पाच लिहिलं. बोळात ती गेलीच नव्हती.

ती तडक साहेबांकडे गेली. त्यांच्यासमोर अहवालाचं मुखपृष्ठ होतं : अडुसष्ट टक्के जनता योजनांच्या छत्राखाली. आकडे पाच वाजता कायम व्हायचे होते. घड्याळात सव्वाचार वाजले होते.

"साहेब, एका पोरीच्या शिष्यवृत्तीत आपण पाच माणसं बसवलीत. म्हातारीचं नाव वेगळं काढा."

"एक म्हातारी काढली तर अशा किती निघतील?"

"तेच तर मोजायचं होतं ना आपल्याला?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "दुरुस्तीसाठी मोजणाऱ्याने चूक लेखी कबूल करावी लागते. मग पुढचं काम विसरा. आणि मी तोंडी काही सांगितल्याचं मला आठवत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग होताच. त्याहून जास्त राग त्या पंचवीस फॉर्मांचा होता, जे ती रोज दिवेलागणीआधी संपवून खुशीत घरी जायची.

बाहेरच्या बाकावर बसून तिने लिहिलं : 'मी चुली मोजल्या नाहीत, दारं मोजली. एका घरी नाही, माझ्या वाट्याच्या तीनशे बाराही घरी. माझ्या भागाची मोजणी पुन्हा करावी.' खाली सही केली, पेन कागदात रुतवून.

आवक खिडकीतल्या कारकुनाने वाचून मान वर केली. "ताई, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. हे नोंदलं की तुमच्या भागाचे आकडे थांबतात."

"मारा शिक्का."

पाचला बारा मिनिटं कमी असताना शिक्का पडला. आतून साहेबांचा आवाज चढला, "कोणी घेतलं ते? कोणी घेतलं?" पण पोच तोवर खिडकीशी आलेल्या आजीच्या हातात होती.

"ही पोच जोडून नवा अर्ज करा," मोजणीवाली म्हणाली. "आता साहेबांना तुम्हाला वेगळं मोजावंच लागेल."

आजीने पोच घडी करून कनवटीला लावली. "तुझं काम गेलं ना गं?"

"गेलं."

"मग तुला कुठली मदत मिळेल?"

"मला?" मोजणीवालीने पिशवी खांद्याला अडकवली. "आमच्या सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळतात, आजी. त्यामुळे मी छत्राखालीच आहे."