टिकटिक बंद झाली तेव्हा

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो, आणि चांगलंच दुखावलेलं आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर दचकू नका. सध्या मी धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या दोरखंडांच्या ढिगाशेजारी पडून आहे. माझं हेड, म्हणजे वरचा डोक्याचा भाग, काढून बाजूला ठेवलंय. तरी बोलायचं ते मी बोलणारच.

कारखान्यात मला ओतलं, घासलं, जुळवलं, आणि तिथून मी थेट एका लाँचच्या पोटात आलो. खाडीच्या या काठावरची माणसं त्या काठावर न्यायची, तिकडची इकडे आणायची, हे माझं काम. शाळेची मुलं, भाजीच्या टोपल्या, सायकली. एकदा तर अख्खं कपाट आणि त्याला घट्ट धरून बसलेली नवी नवरी! कुणाला कधी अर्ध्या वाटेत सोडलं नाही मी. लाँचच्या मालकिणीला सगळा धक्का वहिनी म्हणायचा, कारण माझी देखभाल करणारा मिस्त्री तिचा धाकटा दीर होता आणि त्याच्या तोंडी दिवसभर 'वहिनी, वहिनी' चालायचं.

मिस्त्री म्हणजे माझा जीव की प्राण. माझ्या हेडमध्ये व्हॉल्व्ह आहेत. हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर टाकायची ही झाकणं. झाकण आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. तापलं की लोखंड वाढतं ना? फट नसेल तर झाकण पुरतं मिटतच नाही. मिस्त्री ती फट गेजच्या पातळ पट्टीने मोजायचा, पण शेवटचा निकाल त्याच्या कानाचा. मला फट जरा जास्तच लागायची, म्हणून मी टिकटिक करत चालायचो. ती माझी तब्येत ठणठणीत असल्याची खूण होती.

पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "काय हो वहिनी, हे इंजिन आहे की शिवणयंत्र?" अशी चेष्टा सुरू झाली. वहिनीला ते फार लागलं. तिने बाजार पालथा घातला आणि माझ्या नावाचं दुरुस्तीचं पुस्तक हुडकून आणलं. काय तिची हौस! पुस्तकाला कव्हर घालून तिने ते दिराच्या हातात ठेवलं.

"भाऊजी, आता अंदाजपंचे नको. कंपनीनेच लिहिलंय, तसं करा."

आता खरी गोम ऐका. पुस्तकावर नाव माझं होतं, पण ते लिहिलेलं होतं माझ्यामागून जन्मलेल्या धाकट्या भावंडांसाठी. त्यांना माझ्या निम्मीच फट पुरते. मिस्त्रीने पान वाचलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"वहिनी, हे फारच घट्ट वाटतंय हो."

"अहो, छापलेलं चुकेल का?"

"तसं नाही म्हणा..."

अरे, तसंच होतं ना! मग बोलायचं ना बाबा! पण वहिनीचा उजळलेला चेहरा बघून त्याने जीभ आवरली आणि पाना उचलला. बारीक पट्टी आत सारली, स्क्रू फिरवला, नट आवळला. माझ्याकडे त्याने धड पाहिलंसुद्धा नाही.

टिकटिक गायब! लोक खूश. "वा वहिनी, नवं इंजिन बसवलंत की काय?" वहिनीने सगळ्या धक्क्याला चहा पाजला. इतकं कौतुक मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि आत माझा जीव चालला होता. तापलो की झाकण मिटेना, त्याच्या कडेने आग निसटायची. मी काळा धूर सोडला. सकाळी सुरू व्हायला आढेवेढे घेतले. भरतीच्या पाण्यात धापा टाकल्या. इंजिनाने याहून मोठ्याने ओरडायचं तरी कसं? मिस्त्रीला सगळं कळत होतं. रोज माझ्यावर हात ठेवून उभा राहायचा आणि काही न बोलता निघून जायचा.

शेवटी भर खाडीत मी बंद पडलो. लाँच ओहोटीबरोबर वाहत निघाली, मुलं रडायला लागली. मच्छीमारांनी दोर टाकून ती ओढून आणली. हेड उतरवलं, तर एका व्हॉल्व्हची कड जळून गेलेली. वहिनी मिस्त्रीकडे वळली.

"भाऊजी, खरं सांगा. आपल्या हातून काही चुकलं का?"

आता सांगेल, असं मला वाटलं. व्हॉल्व्ह बदलला आणि फट पहिल्यासारखी केली की मी पुन्हा उभा राहणार होतो, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"आपलं काय चुकणार? सगळं पुस्तकाप्रमाणे केलं," मिस्त्री म्हणाला. "इंजिनच म्हातारं झालंय, वहिनी. काढून टाका."

केसाने गळा कापला हो माझा! ज्याच्या मांडीवर मान ठेवली, त्यानेच कापला.

लाँचमध्ये दुसऱ्या मापाचं काही बसेना, म्हणून वहिनीने माझ्यासारखंच, माझ्याच वयाचं एक इंजिन आणलं. याच शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, मिस्त्री त्याची फट लावायला बसला. वहिनीने पुस्तक पुढे केलं.

"राहू द्या ते," तो मान वर न करता म्हणाला. "याला फट जास्त लागते."

वहिनीने पुस्तक मागे घेतलं. एकदा तिने त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मग त्याला का नाही ठेवलीत, भाऊजी?"

मिस्त्री पाना पुसत राहिला.

मित्रांनो, चूक कुणाचीही होते, छापलेल्या पुस्तकाचीसुद्धा. तुमच्याकडे राबणाऱ्या यंत्रांना तेलपाणी द्या, त्यांची कुरकुर वेळेवर ऐका. आणि कधी हात चुकलाच, तर ती चूक मुक्याच्या माथी मारू नका. त्याला उलटून बोलता येत नाही.

मला आता भंगारात देणार नाही, असं वहिनी म्हणते. भंगाराचं मला एवढं काही नाही. 'माझं चुकलं,' एवढंच मला मिस्त्रीच्या तोंडून ऐकायचंय. तो रोज सकाळी इथे येतो, हत्यारं उचलतो आणि माझ्याकडे पाठ करून निघून जातो.